सात नंबरचा ईसा, आठ नंबरचा येशू

मांडीचं हाड मोडलेला म्हातारा माणूस पहिले तीन दिवस ओरडतो. पुढचे तीन दिवस घरच्यांवर खेकसतो. सातव्या दिवशी गप्प होतो. नव्या सिस्टरला वाटतं, चला, आराम पडला. जुन्या सिस्टरला मात्र तेव्हाच धास्ती बसते. गप्प झालेला म्हातारा खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, जेवत नाही. हाड राहतं बाजूला आणि छाती कफानं भरते. माझ्या नोकरीत मोडलेल्या हाडानं दगावलेला माणूस क्वचितच पाहिला. पडून राहिल्यानं गेलेले पुष्कळ पाहिले.

मी आधी नांदेडला आणि मग लातूरला, हाडांच्या पुरुष वॉर्डात जन्म काढला. ज्या म्हाताऱ्यांना भूल देणं धोक्याचं, त्यांचं ऑपरेशन होत नाही. त्यांना ट्रॅक्शन लावतात. म्हणजे पायाला पट्टा बांधायचा, त्याची दोरी खाटेच्या टोकाच्या चाकावरून खाली सोडायची आणि तिला वजन लटकवायचं. पाय ओढलेला राहिला की हाड जागेवर जुळतं. सहा आठवडे उताणं पडून राहायचं. बाहेरच्याला ही शिक्षाच वाटते. माहूरकडच्या एका आजोबांच्या लेकानं वडील लवकर बरे व्हावेत म्हणून भेटीच्या वेळात वजनाला आणखी दोन विटा बांधल्या होत्या. लोह्याचा एक पैलवान असा होता, की सुई बघून बेशुद्ध पडायचा आणि शुद्धीवर आला की मलाच विचारायचा, "कोन जिंकलं?"

पण मला सांगायचंय ते सात आणि आठ नंबरच्या खाटांबद्दल.

सात नंबरला हमीदचाचा. लातूरचेच, सारा जन्म एस.टी.त कंडक्टर. शुक्रवारी मशिदीत वजू करताना, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुताना, पाय घसरला आणि खुब्याचं हाड गेलं. त्यांची साखर इतकी वाढलेली, की ऑपरेशनचं नावच नको. चार दिवसांनी आठ नंबरला साळवे पाळक आले. नांदेडकडच्या एका लहानशा चर्चचे निवृत्त पाळक. नाताळाचा तारा लावायला वयाच्या शहात्तराव्या वर्षी स्वतः शिडीवर चढले आणि ताऱ्यासकट खाली आले. मुलगी लातूरला दिलेली, म्हणून इथं आणलं. त्यांचं हृदय अधू.

दोघांना कसं लागलं ते नऊ नंबरच्या हणमंतरावांनी, मुरूडच्या एका शेतकऱ्यानं, मोठ्यानं सगळ्या वॉर्डाला ऐकवलं आणि वर म्हणाले, "दोघंबी देवाच्या दारात पडले की वो सिस्टर! आमी आपलं बैलानं ढकलल्यालं."

पाळकांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "सिस्टर, आपण कोणत्या मंडळीच्या?"

मला वाटलं, महिला मंडळ विचारतात. म्हटलं, "कुठल्याच नाही."

"म्हणजे चर्चला जात नाही?"

"पाळकसाहेब, मी लोह्याकडची. आमचा माळेगावचा खंडोबा."

पाळकांचा चेहरा पडला. सिस्टर म्हणजे ख्रिस्ती असणारच, असा त्यांचा समज होता. शेजारून हमीदचाचा खुसखुसले. ती या दोघांची पहिली ओळख.

नाताळाच्या दिवशी पाळकांकडे चर्चची माणसं आली. हळू आवाजात एक गाणं म्हटलं, प्रार्थना केली. प्रार्थनेत "हे देवाच्या पुत्रा" असं तीनदा आलं. माणसं गेली. हमीदचाचांनी आठ नंबरकडे मान वळवली. मग म्हणाले, "पाळकसाहेब, एक विचारू का? राग नका मानू."

"विचारा ना."

"देवाला लेकरू कसं असंल?"

मी पलीकडे औषधांचा ट्रे लावत होते. वाटलं, आता हे दोघं पट्टे तोडून एकमेकांच्या अंगावर जातात. पण पाळकांनी उशी नीट करायला सांगितली, घसा खाकरला आणि जे बोलायला लागले ते जेवणाची गाडी येईपर्यंत.

माझी समजूत अशी, की मुसलमान येशूला मानतच नाहीत. त्या आठवड्यात माझी चांगलीच शिकवणी झाली. हमीदचाचा त्यांना ईसा म्हणायचे, आणि ईसा म्हटलं की मागं "अलैहिस्सलाम", म्हणजे त्यांच्यावर शांती असो, असं लावल्याशिवाय पुढं जायचे नाहीत. कुराणात मरियमच्या नावाचा अख्खा अध्याय आहे, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. कुमारी मरियमच्या पोटी बापाविना जन्म झाला, दोघांना मान्य. आंधळ्याला डोळे दिले, कोड बरं केलं, दोघांना मान्य. एक दिवस ते परत येणार, हेही मान्य. हणमंतराव म्हणाले, "मंग भांडन कशाचं हाय?"

भांडण पुढचं होतं. हमीदचाचांचं म्हणणं, ईसा मोठे पैगंबर, पण माणूस. चमत्कार झाले ते अल्लाच्या हुकमानं. अल्ला एक. त्याला ना बाप, ना लेकरू. पाळकांचं म्हणणं, येशू हा प्रत्यक्ष देवच, माणूस होऊन आला. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, तरी देव एकच.

"तिघं अन् एकच?" हमीदचाचा म्हणाले. "मी जिंदगीभर तिकिटं फाडली पाळकसाहेब. तीन पॅसिंजर चढले अन् म्हणले आमी एकच हाव, तर मी ऐकून घेतलं असतं का?"

"तुमच्या गाडीत बसण्याइतका माझा देव लहान नाही," पाळक म्हणाले.

हणमंतरावांना राहवलं नाही. "म्हंजी आमच्या किस्नावानीच की. अवतार!"

"तुम्ही मध्ये बोलू नका," दोघं एकदम म्हणाले. माझ्या आठवणीत दोघांचं पहिलं एकमत ते.

अशा पेशंटला आम्ही श्वासाचा व्यायाम देतो. प्लॅस्टिकचं एक छोटं यंत्र असतं, त्यात तीन उभ्या नळ्या आणि प्रत्येकीत एक रंगीत गोळा. तोंडात नळी धरून श्वास जोरात आत ओढला की गोळे वर उठतात. थोडा ओढला तर एक, आणखी ओढला तर दोन, छाती भरून ओढला तर तिन्ही. हे यंत्र पेशंटच्या उशाला धूळ खात पडतं. विनवण्या करून थकतो आम्ही. पण तिसऱ्या आठवड्यात पाळकांनी ते हातात घेतलं, त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"हमीदभाई, इकडे बघा. गोळे किती?"

"तीन."

"श्वास किती?"

हमीदचाचा सावध झाले. "एक."

"आता बघा!" म्हणत पाळकांनी नळी तोंडात धरली. दोन गोळे उठले, तिसरा जागचा हलला नाही. पाळक लाल झाले. पुन्हा ओढला. पुन्हा दोनच.

"पवित्र आत्मा आज सुट्टीवर दिसून राहिला," हमीदचाचा म्हणाले.

झालं! पाळक इरेला पेटले. तासातासाला यंत्र तोंडात. तीन दिवसांनी तिन्ही गोळे वर टेकले, तेव्हा त्यांनी खाटेची दांडी वाजवून सगळा वॉर्ड जागा केला. दुपारची झोप मोडली म्हणून कुणी तक्रार केली नाही. हणमंतरावांनी तर टाळ्या वाजवल्या.

आता हमीदचाचांची पाळी. त्यांनी आपलं यंत्र घेतलं, अगदी हलका श्वास ओढला, एक गोळा वर नेला आणि तिथंच धरून ठेवला. मग नळी काढून म्हणाले, "बघा. एकच. वर एकच हाय."

मी म्हटलं, "चाचा, तुमच्या छातीसाठी डॉक्टरांनी तीन सांगितलेत."

"डॉक्टरबी ख्रिश्चन हायेत का?"

मी स्टेथोस्कोप लावून पाहिला. दोघांच्या छात्या काचेसारख्या स्वच्छ. जेवण संपत होतं, कारण भांडायला ताकद लागते. पाठीला जखमा नाहीत, कारण एकमेकांकडे वळून बोलताना अंग हलत होतं. तेव्हापासून मी एक गोष्ट केली, ती कुठल्याच नर्सिंगच्या पुस्तकात नाही. वाद थंड पडतोय असं दिसलं, की मी काडी टाकायची. थर्मामीटर लावता लावता म्हणायचं, "चाचा, पाळकसाहेब म्हणतात तुम्हाला कालचं उत्तर सुचलं नाही." की झालं! मला यात मोठं कौतुक वाटायचं स्वतःचं. ते मला भोवलं.

एका रविवारी भेटीच्या वेळात पाळकांचा जावई विल्सन आणि हमीदचाचांचा पुतण्या रफिक, दोघं एकाच वेळी आले. दोघंही चांगले तिशी ओलांडलेले, कामधंद्याची माणसं. नेमकं तेव्हा चाचा म्हणत होते, "ईसा अलैहिस्सलाम सुळावर गेलेच न्हाईत. अल्लानं उचलून घेतलं त्यांना." आणि पाळक म्हणत होते, "गेले, मेले आणि तिसऱ्या दिवशी उठले!" रोजचंच होतं ते. पण विल्सनला ते नवं.

"आमच्या सासऱ्यांना आजारपणात असं बोलता?"

"आमच्या चाचालाच तुमचे सासरे शिकवून राहिले," रफिक म्हणाला.

बघता बघता दोघं छातीला छाती लावून उभे. जो विषय दोन म्हाताऱ्यांनी तीन आठवडे चघळला, त्याचा या दोघांनी दोन मिनिटांत राडा केला. कुणीतरी मोबाईल काढून चित्रण करायला लागलं. मी जाऊन तो मोबाईल काढून घेतला आणि चित्रण माझ्यासमोर पुसायला लावलं. गावात अशा चित्रणाचं काय होतं, ते सांगायला नको.

त्या गोंधळात हमीदचाचांचा आवाज आला, सगळी बस थांबवणारा. "रफिक! ईसा अलैहिस्सलामांचं नाव घेऊन गळपट धरतो व्हय? नाव घेताना अदब ठेव!" आणि पाळक जावयाला म्हणाले, "विल्सन, तू चर्चला शेवटचा कधी आला होतास?" भांडण तिथं संपलं.

पण मेट्रन मॅडमपर्यंत बातमी गेलीच. त्यांनी हुकूम काढला, आठ नंबर टोकाच्या खोलीत हलवा. मला बोलावून विचारलं, "तीन आठवडे हे चालू होतं. तुम्ही थांबवलं का नाही?"

थांबवणं राहिलं, मी तर फुंकर घालत होते. हे त्यांना सांगायचं धाडस मला नोकरी संपेपर्यंत झालं नाही. आज लिहितेय.

टोकाच्या खोलीत एकच खाट, खिडकी, शांतता. पाळकांच्या मुलीला वाटलं, बरं झालं, वडिलांना आराम मिळेल. तिसऱ्या दिवशी पाळक गप्प झाले. चौथ्या दिवशी जेवणाचं ताट तसंच परत आलं. पाचव्या दिवशी अंगात ताप, आणि छातीला स्टेथोस्कोप लावला तर आत चिवड्याचा पुडा चुरगळल्यासारखा आवाज. इंजेक्शनं सुरू झाली, ऑक्सिजन लावला. "श्वास ओढा, पाळकसाहेब" म्हटलं, तर त्यांनी मान फिरवली. यंत्रातला एकसुद्धा गोळा हलेना.

इकडे हमीदचाचा. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांना सगळं कळलं होतं. मी त्यांच्या खाटेशी गेले. "चाचा, एखादा प्रश्न द्या."

"न्हाई सिस्टर. लई बोललो मी. त्यांना त्रास झाला."

"त्रास नाही झाला. बोलणं बंद झाल्यानं आजारी पडलेत. चांगला अवघड द्या."

चाचा दुपारपर्यंत विचार करत होते. मग मला जवळ बोलावलं. "त्यांना म्हणावं, ईसा अलैहिस्सलाम डोंगरावर जाऊन इबादत करायचे, हे तुमच्याच किताबात हाय. देव व्हते, तर कुणाची प्रार्थना करत व्हते?"

मी तो प्रश्न घोकत घोकत टोकाच्या खोलीत गेले. पाळकांच्या कानाशी बसून सांगितला. मग एक डोळा उघडला. त्यांनी मास्क बाजूला केला.

"हा प्रश्न त्यानं स्वतः काढला?"

"हो."

"चांगला आहे," ते म्हणाले. आणि मग, "पाठीला उशी लावा."

उशी लावली. बोलायला श्वास घेतला तसा खोकला सुटला, पहिल्यांदा कफ सुटला, मी मनात म्हटलं, जय मल्हार. खोकत खोकत त्यांनी उत्तर दिलं. पुत्र पित्याशी बोलतो, प्रेम एकट्यात राहत नाही, आणि आणखी बरंच काही. मी ते घेऊन निघाले. पण वाटेत एका पेशंटचं सलाईन संपलं होतं. ते बदलेपर्यंत निम्मं उत्तर विसरले. उरलं तेवढं चाचांना सांगितलं.

चाचा म्हणाले, "असं म्हणूच शकत न्हाईत ते. पढलेला मानूस हाय. परत जा, विचारून या."

त्या दिवशी मी सात फेऱ्या मारल्या. शेवटी पाळकांनी उत्तर कागदावर लिहून दिलं, तर त्यांचं अक्षर कुणाला लागेना. हाडांचे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी पाळकांची छाती तपासली, माझ्या हातातला कागद वाचायचा प्रयत्न केला, आणि म्हणाले, "सिस्टर, यांना परत आठ नंबरला आणा. नाहीतर तिसरं ट्रॅक्शन तुम्हाला लावावं लागेल." मेट्रन मॅडमना त्यांनी काय सांगितलं, मला माहीत नाही. संध्याकाळच्या जेवणाआधी खाट परत आली. हमीदचाचा म्हणाले, "या. ते प्रेमाचं काय म्हणत व्हता तुमी?"

नंतरही रोज वाद झाला. पण एक दुपार मला वेगळी आठवते. मी चाचांच्या टाचा पुसत होते. टाचेला सगळ्यात आधी जखम होते. चाचांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "पाळकसाहेब, मला खरंच समजून घ्यायचंय. देवाला मरायची गरज काय?"

पाळकांनी हातातलं यंत्र उशाशी ठेवलं. मग म्हणाले, "हमीदभाई, माझा मुलगा एकवीस वर्षांचा असताना गेला. काविळीनं. मी पाळक. लोक सांत्वनाला आले ते माझेच शब्द मला ऐकवत होते. तेव्हा मला असा देव हवा होता, ज्यानं आपला मुलगा मरताना पाहिलाय. दुसऱ्या कुणाशी मला बोलताच येत नव्हतं."



चाचा म्हणाले, "माझी बायको गेली तवा घरातलं सगळं हललं. भिंती हलल्यावानी वाटायचं. मला तवा असा एक पाहिजे व्हता, जो हलत न्हाई. ज्याला जलम न्हाई, मरन न्हाई. तो नसता तर मी उभा ऱ्हायलो नसतो." मग म्हणाले, "तुमचं मला पटत न्हाई पाळकसाहेब. पन तुमी का सोडत न्हाई, ते आज कळलं."

"मलाही," पाळक म्हणाले.

मी खाली मान घालून टाचा पुसत राहिले. त्या केव्हाच कोरड्या झाल्या होत्या.

दोघंही वॉकर धरून आपल्या पायांनी घरी गेले. चाचा आधी, पाळक नंतर आठ दिवसांनी. पुढची दोन वर्षं दोघांचे फोन चालायचे. पाळकांची मुलगी सांगायची, "सिस्टर, बाबा फोनवर इतके ओरडतात, की शेजारी विचारतात काय झालं." मी म्हणायची, "ओरडू द्या. औषध आहे ते."

मी निवृत्त झाले त्याच्या पुढच्या हिवाळ्यात मुलीचा फोन आला. पाळक गेले. झोपेतच, हृदयानं. मी लातूरहून नांदेडला निघाले, तर स्टँडवर हमीदचाचा काठी टेकून उभे, सोबत रफिक. आम्ही एकाच गाडीनं गेलो.

कब्रस्तानात गर्दी फार नव्हती. गाणं झालं, बायबलमधलं वचन वाचलं. पेटी खाली सोडली. लाकडी क्रुसावर नाव आणि खाली लिहिलं होतं, "प्रभूमध्ये झोपी गेले." चाचांनी ते मला वाचायला लावलं.

"झोपले?" ते हळूच म्हणाले. "असा कसा झोपला हा मानूस? कालच्या फोनचं उत्तर बाकी हाय."

लोक एकेक करून माती द्यायला लागले. चाचांना पुढं जाता येईना, तेव्हा विल्सननंच त्यांचा हात धरून नेलं. दुसऱ्या बाजूनं रफिकनं धरलं. चाचा वाकले. एक मूठ माती घातली. मग दुसरी. मग तिसरी.

विल्सनचे डोळे भरून आले. त्यानं चाचांना कवटाळलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बाबा असते तर किती खूश झाले असते! चाचांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं माती दिली."

"न्हाई हां!" चाचा एकदम ताठ झाले. "आमच्यातबी तीनच मुठी देत्यात. त्याचा याच्याशी काय बी संबंध न्हाई!"

मग मातीनं भरलेला हात तसाच धरून ते कबरीकडे वळले. बराच वेळ वाट बघत उभे राहिले, आता तिकडून काहीतरी उत्तर येईल म्हणून.